झुरळाला घरी जाऊ द्या

रात्री दीड-दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठले, किचनचा दिवा लावला आणि ओट्यावरनं सहा-सात बारकी तपकिरी झुरळं अशी काही सटकली की मीच त्यांच्या घरात चोरासारखी शिरलेय असं वाटलं. एक शेगडीखाली, दोन ओटा आणि भिंतीच्या मधल्या फटीत, एक फ्रीजच्या दाराच्या रबरात आणि एक चक्क मिक्सरच्या बटणाच्या आत. बटणाच्या आत! त्याच मिक्सरमध्ये संध्याकाळी मी काहीतरी वाटलं होतं, काय ते आता आठवायचं पण नाही.

तोपर्यंत आमच्याकडे झुरळ मारायची पद्धत म्हणजे चप्पल, आणि चप्पल हाताशी नसेल तर स्प्रे. दिसलं की फवारायचं, ते उलटं पडून पाय झाडायला लागलं की आपल्याला बरं वाटतं, मग कागदात उचलून कचऱ्यात. हे जवळजवळ वर्षभर चाललं होतं आणि वर्षभरात कमी होणं तर सोडाच, आधी फक्त सिंकखाली असायची ती आता हॉलमधल्या टीव्हीच्या मागे पोचली होती. मधे एकदा तो धूर सोडणारा डबा पण आणून झाला, घर बंद करून आम्ही चार तास बाहेर भटकत बसलो, परत आलो तर घरभर वास, ओट्यावर चिकट थर, सगळी भांडी परत धुवा, आणि रात्री झुरळं आपली हजर. नंतर वाचनात आलं की २०१९ साली नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी खऱ्याखुऱ्या राहत्या घरांमध्ये हेच डबे तपासले होते, झुरळांच्या संख्येवर ढिम्म परिणाम नाही आणि औषध मात्र जमिनीवर, ओट्यावर साठून राहिलेलं. साहजिकच आहे म्हणा, धूर वरून खाली बसतो आणि झुरळं असतात फटीत, बिजागरीच्या मागे, ट्रॉलीच्या पट्टीत, तिथे तो जाणार कसा. त्याच अभ्यासात ज्या घरांत जेल, म्हणजे सिरिंजमधून लावायचं ते झुरळांचं औषध, लावलं तिथली झुरळं मात्र भरपूर कमी झाली होती.

हे वाचून मी जेल आणलं. आणि पहिल्या खेपेला सपशेल माती खाल्ली.

काय केलं ते सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. एक तर टूथपेस्ट काढतात तसे मोठ्ठे गोळे काढून किचनच्या चार कोपऱ्यांत लावले, एकदम उघड्यावर. दुसरं म्हणजे लावल्यावर त्या रात्री एक झुरळ ओट्यावर दिसलं आणि सवयीने हात स्प्रेकडे गेला, फुस्स. आणि तिसरं, दोन दिवसांनी ओटा पुसताना त्यातला एक गोळा फिनेलच्या फडक्याने अर्धा पुसून टाकला. आठवड्याने बघितलं तर गोळे वाळून दगड झालेले, एकाला पण तोंड लावलेलं नाही. मी जाहीर करून टाकलं की जेल म्हणजे सगळी फसवाफसवी आहे.

फसवाफसवी नव्हती. जेल हे जेवण आहे एवढंच माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. त्यात झुरळांना आवडेल असं गोडधोड आणि ओलावा असतो आणि विष अगदी थोडं, इमिडाक्लोप्रिडवालं २.१५ टक्के, इंडोक्साकार्बवालं ०.६ टक्के, फिप्रोनिलवाल्यात तर ०.०५ टक्के. आता ताटावर कोणी स्प्रे मारला तर आपण जेवू का? बहुतेक स्प्रेमधली औषधं अशी असतात की झुरळ त्या वासाच्या, त्या चवीच्या जवळच जात नाही, वाट बदलतं. म्हणजे मी एका हाताने जेवायला बोलावत होते आणि दुसऱ्या हाताने हाकलत होते.

आता थोडं त्यांच्याविषयी, कारण कुठलं झुरळ आहे हे कळल्याशिवाय काही उपयोग नाही. बाथरूमच्या जाळीतून येणारं ते भलं मोठं लालसर, साडेतीन-चार सेंटीमीटरचं, ज्याला बघून घरातले शूरवीर पण पलंगावर चढतात, ते अमेरिकन झुरळ. ते गटारातलं, आपल्याकडे पाहुणं म्हणून येतं, त्याच्यासाठी जाळी नीट बसवणं, पाइपभोवतीच्या भेगा बुजवणं हे मुख्य काम. आणि किचनमध्ये संसार थाटतं ते दीड सेंटीमीटरच्या आतलं, फिकट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा असलेलं, ते जर्मन झुरळ. पंख आहेत पण उडत नाही. बिचाऱ्या जर्मनीचा यात काही दोष नाही बरं का, प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६७ मध्ये नाव ठेवलं तेव्हा त्याच्याकडचे नमुने तिकडचे होते म्हणून. २०२४ मध्ये जनुकं तपासून असं निघालं की हे झुरळ साधारण २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या बाजूला एका आशियाई झुरळापासून वेगळं झालं आणि माणसाच्या सामानाबरोबर जगभर पसरलं. रानावनात ते आता राहतच नाही, माणसाच्या घराशिवाय त्याला दुसरं घर नाही. हे वाचून क्षणभर माझं मन द्रवलं होतं, मग मिक्सरचं बटण आठवलं.

या जर्मन बाईंची खासियत म्हणजे अंड्यांची पेटी. एका पेटीत ३०-४० अंडी आणि ती पेटी त्या पिल्लं निघायच्या जवळपास आदल्या दिवसापर्यंत पोटाच्या टोकाला चिकटवून हिंडतात, हिंडतात म्हणजे खरं तर हिंडत नाहीत, फटीत दडून बसतात, खातात पण कमी. अंड्यापासून मोठं झुरळ व्हायला साधारण दोन महिने, की लगेच पुढची पिढी. आपण ओट्यावर चपलेने जी मारतो ती या मंडळींतली बाजारहाटाला निघालेली चार डोकी, खरं घरदार आत फटीत सुखरूप.

आणि जेलची सगळी गंमत इथेच आहे. (जेवत जेवत वाचत असाल तर हा पॅरा सोडा.) जेल खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, आणि ते मरू नये हाच तर हेतू. ते पोट भरून आपल्या फटीत परत जातं, तिथे दहाबारा तासांनी, एकदोन दिवसांनी त्याचं काम तमाम होतं. पण मरायच्या आधी ते तिथे हगतं, ओकतं. नुकती जन्मलेली पिल्लं बाहेर जेवायला फारशी जात नाहीत, ती बरीचशी मोठ्यांच्या विष्ठेवर वाढतात. म्हणजे विष पार्सल होऊन थेट बाळांच्या तोंडात. मेलेल्या झुरळाला पण बाकीची खातात, त्यातून अजून चारदोन जातात. इंडोक्साकार्बची तर आणखी मजा, ते स्वतः तेवढं जहाल नसतं, किड्याच्या पोटातली पाचकं त्याची मोडतोड करतात तेव्हा त्याचं खरं विष तयार होतं. झुरळ स्वतःच्या पोटात स्वतःसाठी विष रांधतं.

म्हणजे ओट्यावर जेल खाऊन निघालेल्या झुरळाला तुम्ही चपलेने मारलंत तर तुम्ही तुमचाच पोस्टमन मारलात. त्याला घरी जाऊ द्यायचं. हे ऐकायला सोपं वाटतं, करून बघा.

दुसऱ्या खेपेला मी तयारीने बसले. आधी चार दिवस स्प्रे पूर्ण बंद, डबा उचलून माळ्यावर ठेवला म्हणजे हातच जायला नको. ट्रॉल्या बाहेर काढल्या, ओटा, फटी, शेगडीखालचा भाग नुसत्या साबणाच्या पाण्याने धुऊन जुन्या स्प्रेचा थर काढला आणि सगळं कोरडं केलं. सिंकखालचा नळ टिपटिप गळत होता तो दुरुस्त करून घेतला, कारण खाण्यावाचून ही मंडळी महिनाभर काढतात पण पाण्यावाचून दोन आठवडेच, आणि आम्ही त्यांना चोवीस तास पाणीपुरवठा करत होतो. रात्री खरकटी भांडी सिंकमध्ये ठेवायची नाहीत, कचऱ्याच्या डब्याला झाकण. यात स्वच्छतेचं प्रवचन काही नाही, साधा हिशोब आहे, समोर दुसरं जेवण असेल तर ते तुमचं जेल कशाला खातील.

मग टॉर्च घेऊन ते कुठे राहतात ते शोधलं. मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले की समजायचं हाच पत्ता. आमच्याकडे सगळ्यात जास्त कुठे होते माहितीये, सिंकच्या वरच्या कपाटाच्या बिजागरीत, ट्रॉलीच्या चाकाच्या पट्टीत आणि फ्रीजच्या मागे मोटरच्या बाजूला, तिथे ऊब असते ना. त्या ठिपक्यांत त्यांचा एक वास असतो, त्या वासाने बाकीची पण तिथेच गोळा होतात, म्हणून जेल त्याच्या अगदी शेजारी लावायचं, चार इंच लांब नाही. आणि गोळे नाहीत, टिंबं. डाळीच्या दाण्याएवढं एकेक टिंब, पण जागा भरपूर. एका मोठ्या गोळ्यापेक्षा दहा टिंबं चांगली कारण झुरळ लांब जायला आळशी असतं, वाटेत लागलं तर खातं. नक्की किती टिंबं ते ट्यूबवर लिहिलेलं असतं, ते वाचा, मी पण पहिल्यांदा वाचलं नव्हतं. बिजागरीच्या आत, ट्रॉलीच्या खालच्या कडेला, पाइप भिंतीत शिरतो त्या भोकाच्या काठाला, ओट्याच्या खालच्या बाजूला, सगळीकडे सिरिंजचं टोक आत घालून टिंब, टिंब, टिंब. हातात ग्लोव्ह्ज. लहान मूल किंवा कुत्रं-मांजर जिथे हात-तोंड घालेल तिथे अजिबात नाही, ओट्याच्या वर जिथे आपण पीठ मळतो, भाजी चिरतो तिथे पण नाही. विष थोडं असलं तरी विष आहे.

त्या रात्री मी झोपलेच नाही. टॉर्चवर लाल कागद लावला (झुरळांना लाल उजेड नीट दिसत नाही, माझा हा एकच वैज्ञानिक प्रयोग) आणि स्टूल टाकून बसले. साडेबाराला बिजागरीतून आधी दोन मिशा बाहेर आल्या, नुसत्या मिशा, हलतायत, थांबतायत. मग डोकं. मग ते सावकाश टिंबापाशी आलं, मिशीने त्याला एकदा शिवलं, मागे सरकलं, परत आलं आणि तोंड खुपसलं. किती वेळ खात होतं ते! मधेच पुढचा पाय तोंडाशी नेऊन साफ करायचं, परत खायचं, आपल्याकडे लग्नात काही मंडळी जेवतात तसं, शांतपणे, कोणाची पर्वा नाही. तेवढ्यात दुसरं आलं, ते धक्के द्यायला लागलं. माझा उजवा हात आपोआप चपलेकडे जात होता, मी तो डाव्या हाताने धरून ठेवला. दहाएक मिनिटांनी पहिलं झुरळ वळलं आणि डुलत डुलत फटीत गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा किचनमधून ओरडला, "अगं, तुझ्या त्या जेलने झुरळं वाढली!" जाऊन बघते तर दिवसाढवळ्या फरशीच्या मधोमध चार उलटी पडलेली, दोन धड चालता न येणारी, एक नुसतंच गोल गोल फिरतंय. पहिल्या आठवड्यात हे असंच दिसतं, घाबरायचं नाही, मज्जासंस्था गेलेली असते त्यामुळे त्यांना दिवस-रात्र, लपणं-बिपणं काही कळत नाही. नवऱ्याने स्प्रे कुठेय म्हणून विचारलं. मी म्हटलं, हरवला.

मोजायला मी चिकट सापळे ठेवले होते, ते पुठ्ठ्याचे गोंदवाले, भिंतीला लागून, कारण झुरळ भिंतीच्या कडेकडेने चालतं. सापळ्याने झुरळं संपत नाहीत पण जेल चाललंय की नाही ते कळतं, नाहीतर आपण आपलं अंदाजपंचे. सिंकखालच्या सापळ्यात पहिल्या आठवड्यात २३, दुसऱ्यात ९. तिसऱ्यात मात्र एकदम १४, पण सगळी बारीक, काळपट, तिळाएवढी. ती पेट्यांतून नंतर निघालेली पिल्लं, अंड्यांवर जेलचा काही परिणाम होत नाही आणि पेटीवाल्या बाया फारशा जेवायला बाहेर पडतच नाहीत असं मघाशी सांगितलं ना, त्याचाच हा हिशोब. इथेच बहुतेक लोक हात टेकतात. मी जुनी वाळलेली टिंबं खरवडून काढली आणि ताजी लावली. पुढच्या आठवड्यात ४. मग २.

आणि मग ते दोनावरच अडकलं. महिना झाला, दर आठवड्याला दोन, तीन, दोन. आणि सगळी एकाच सापळ्यात, डक्टच्या बाजूच्या भिंतीला लागून असलेल्या. माझ्या घरात कोणी उरलंच नव्हतं, ही बाहेरून येत होती.

बिल्डिंगमध्ये सगळ्यांची किचनं एकावर एक असतात, पाण्याचे आणि ड्रेनेजचे पाइप एकाच डक्टमधून वरपासून खालपर्यंत जातात आणि प्रत्येक मजल्यावर पाइपभोवती प्लंबरने ठेवलेलं भोक. झुरळांच्या दृष्टीने ती एक लिफ्टच. फ्लॅट नंबर वगैरे आपल्यासाठी, त्यांच्यासाठी अख्खी उभी रांग म्हणजे एक घर. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं तर त्या अभिमानाने म्हणाल्या, "अगं मी रोज रात्री झोपायच्या आधी न चुकता फवारते, माझ्याकडे एक दिसायचं नाही!" काकूंना कसं सांगावं की तुमच्याकडची माझ्याकडे मुक्कामाला आहेत. चहा घेऊन परत आले.

बिल्डिंगचा पेस्ट कंट्रोलवाला महिन्यातून एकदा यायचा आणि जिन्यात, लिफ्टपाशी, पार्किंगमध्ये पंप मारून सही घेऊन जायचा. जिन्यात कोणाला मारतो कोण जाणे, जर्मन झुरळ जिन्यात राहतच नाही, तिथे ना खायला ना प्यायला. मीटिंगमध्ये मी हा विषय काढला. आधी पंधरा मिनिटं कोणाच्या घरात झुरळं आहेत यावरच चर्चा, कोणाच्याच घरात नव्हती. सगळे एकमेकांकडे बघतायत. झुरळं असणं म्हणजे घर घाणेरडं असं डोक्यात पक्कं बसलंय त्यामुळे कोणी कबूलच करत नाही, आणि त्या लपवण्यावरच झुरळांचं पोट भरतं. शेवटी मी माझा सापळाच पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. नाटकीपणा झाला थोडा, पण पाचच मिनिटांत चार जणांना आठवलं की हो, एखाददुसरं दिसतं अधूनमधून. एका ताईंच्या मुलाला दमा आहे, त्या गप्प बसल्या होत्या, त्यांना म्हटलं की झुरळांच्या विष्ठेची, झडलेल्या कातड्याची धूळ दम्याला वाईट, मग त्याच म्हणाल्या की आमच्यापासून सुरू करा.

ठरलं असं की निदान आमची उभी रांग, वरपासून खालपर्यंत, एकाच आठवड्यात जेल लावून घ्यायची, त्या काळात कोणी फवारायचं नाही आणि पाइपभोवतीची भोकं बुजवून घ्यायची. पेस्ट कंट्रोलवाल्याला पंपाऐवजी जेलची सिरिंज घेऊन यायला सांगितलं, तो जरा नाराज झाला कारण वेळ जास्त लागतो, प्रत्येक घरात गुडघ्यावर बसावं लागतं.

काकूंच्या घरी मात्र अडलं. दोन आठवडे झाले तरी टिंबं जशीच्या तशी, आणि आता फवारणी बंद म्हणून झुरळं राजरोस बाहेर. काकू माझ्याकडे अशा बघायच्या की बस. एक कारण उघड होतं, वर्षानुवर्षांच्या स्प्रेचा थर. पण दुसरं एक कारण असू शकतं आणि ते वाचून मला झुरळांविषयी आदरच वाटला. १९८० च्या दशकात गोड आमिषाची औषधं निघाली तेव्हा झुरळं पटापट मेली, आणि मग काही वर्षांत काही ठिकाणी ती ते आमिष खाईनाशी झाली. ज्यूल्स सिल्व्हरमन नावाच्या कीटकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्यांना विषाचा नाही, ग्लुकोजचा तिटकारा आलाय, १९९३ मध्ये त्याने ते छापलं. पुढे २०१३ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटमध्येच उलगडा झाला की या झुरळांच्या जिभेला, म्हणजे तोंडावरच्या चवीच्या केसांना म्हणूया, ग्लुकोज कडू लागतं. शिकली नाहीत ती, ज्यांना जन्मतःच कडू लागायचं तीच उरली आणि त्यांचीच पोरंबाळं वाढली. त्यापायी त्यांच्या लग्नात पण भानगडी झाल्या, नर पाठीवरचा गोड रस मादीला चाटायला देतो, तो तिच्या तोंडात गेल्यावर ग्लुकोज होतो आणि ती निघून जाते. म्हणून एकच जेल वर्षानुवर्षं वापरायचं नाही, मधेमधे बदलायचं, आणि नुसतं कंपनीचं नाव बदलून चालत नाही, आतलं आमिष वेगळं हवं आणि औषधही वेगळं आहे ना ते ट्यूबवर बघायचं.

काकूंची कपाटं आम्ही दोघींनी मिळून साबणाच्या पाण्याने धुतली, एक अख्खी दुपार गेली, आणि पेस्ट कंट्रोलवाल्याकडून वेगळ्या आमिषाचं, वेगळ्या औषधाचं जेल लावून घेतलं. चौथ्या दिवशी टिंबं अर्धी झाली होती. काकूंनी स्प्रेचा डबा मात्र द्यायला साफ नकार दिला, असू दे म्हणाल्या, आधार वाटतो.

त्यालाही आता दोन महिने होऊन गेलेत. माझा डक्टकडचा सापळा सलग पाच आठवडे रिकामा आहे, म्हणजे एक कोळी अडकला होता, त्याचं वाईट वाटलं. सापळे मी काढणार नाहीये, आणि बिजागरीतली टिंबं वाळली की बदलते, कारण तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट बंद आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे ते अजून कळलेलं नाही.

काल सकाळी साडेसहाला फोन वाजला. काकूंचा मेसेज, सोबत फोटो, फरशीवर एक झुरळ उलटं पडलेलं, पाय वर. खाली लिहिलं होतं, "मेलंय वाटतं. फवारू का?"

मी लिहिलं, "काकू, नको."